घंटागाडीचा मार्ग: हा ट्रॅव्हलिंग सेल्समन प्रॉब्लेमच आहे का?

रानजाई
नमस्कार. मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा नगरपालिकेच्या घंटागाडीवर चालक आहेत, म्हणून प्रोजेक्टला त्यांचाच प्रभाग घेतलाय. गाडीनं प्रत्येक गल्लीतून जायचं, कोठीवर परत यायचं आणि अंतर कमीत कमी ठेवायचं. गाइड सर म्हणाले, हा ट्रॅव्हलिंग सेल्समन आहे (सगळी गावं गाठून परतण्याचा सर्वांत छोटा मार्ग शोधायचा), एनपी-हार्ड आहे, म्हणजे अचूक उत्तर झटपट काढायची रीत माहीत नाही, तर जेनेटिक अल्गोरिदम लाव, तो मार्ग थोडे थोडे बदलत चांगला मार्ग शोधतो. लावला. दर वेळी वेगळा मार्ग येतो, आणि काही गल्ल्या सुटतातच. काल बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "मागच्या आळीत तुझी गाडी जातच नाही का?" मांडणीतच काही चुकतंय का?

कोपरा_नं_७
सेल्समन नाही हा. आधी सांग, नकाशात असे किती कोपरे आहेत जिथे विषम संख्येनं रस्ते मिळतात?

रानजाई
बाबांनी कागदावर काढून दिलेल्या छोट्या तुकड्यात सगळ्या रस्त्यांची मिळून लांबी 3,400 मीटर आहे. विषम कोपरे चारच, चारही तिठे, एकाच सरळ रस्त्यावर: मारुती मंदिर, पुढे 140 मीटरवर पिठाची गिरणी, मग 60 मीटरवर पाण्याची टाकी, मग 150 मीटरवर शाळा. बाकी सगळे चौक नाहीतर साधी वळणं.

कोपरा_नं_७
मग सोपं आहे. सगळ्यात जवळचे दोन विषम कोपरे जोड, म्हणजे गिरणी–टाकी. उरलेले दोन जोड. त्या जोड्यांमधला रस्ता गाडी जादा कापेल. झालं.

जुना_मास्तर
जोड्या लावायच्या, हे बरोबर. जवळचे आधी, हे मात्र नाही. सविस्तर लिहितो, कारण हा विषय मी बरीच वर्षं शिकवला आहे आणि दर वर्षी वर्ग इथेच अडायचा.

सेल्समनला गावं गाठायची असतात. तुझ्या बाबांना रस्ते गाठायचे आहेत. सेल्समनच्या मांडणीत चौक म्हणजे नोड, नकाशाच्या ग्राफमधला (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) एक बिंदू. सगळे चौक झाले की प्रोग्रामच्या लेखी काम संपलं, मग दोन चौकांमधली आळी राहिली तरी त्याला पत्ता लागत नाही. आळी सुटतेय ती त्यामुळे. तुझा प्रश्न म्हणजे चायनीज पोस्टमन प्रॉब्लेम. क्वान मेई-को या चिनी गणितज्ञानं तो 1960 मध्ये मांडला: नेमून दिलेल्या सगळ्या रस्त्यांवरून टपाल वाटत जायचं, कचेरीत परतायचं आणि चाल कमीत कमी करायची. आणि मुळात हा एनपी-हार्ड नाही. दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यांसाठी त्याचं अचूक उत्तर पॉलिनॉमियल वेळात मिळतं, म्हणजे नकाशा मोठा झाला तरी वेळ आवाक्यात राहतो. जेनेटिक अल्गोरिदमची इथे गरज नाही.

विषम कोपरेच का मोजायचे? गाडी एका रस्त्यानं कोपऱ्यावर येते आणि दुसऱ्यानं निघते, म्हणजे रस्ते जोडीजोडीनं खर्च होतात. तिठ्यावर एक उरतो, त्यासाठी एखादा रस्ता पुन्हा कापावाच लागतो. गणितज्ञ युलरनं 1736 मध्ये कोनिग्सबर्गच्या सात पुलांबद्दल हेच दाखवलं: चार भूभागांना 5, 3, 3, 3 पूल, चारही विषम, म्हणून प्रत्येक पूल एकदाच ओलांडणारी फेरी नाही.

आता तुझे आकडे. चार कोपऱ्यांच्या जोड्या तीनच तऱ्हांनी लागतात.

गिरणी–टाकी 60, मंदिर–शाळा 350: एकूण 410.
मंदिर–टाकी 200, गिरणी–शाळा 210: पुन्हा 410.
मंदिर–गिरणी 140, टाकी–शाळा 150: एकूण 290.

तिसरी सर्वांत स्वस्त. फेरी 3,690 मीटरची.

पहिली का हरली ते नीट बघ. मंदिर–शाळा जोडीचा जादा फेरा गिरणी–टाकी तुकड्यावरूनच जातो, आणि तो तुकडा आपण आधीच जादा धरलेला. म्हणजे त्या 60 मीटरवरून गाडी तीनदा जाते. त्यातल्या दोन्ही जादा फेऱ्या काढून टाक. दोन्ही टोकांचे दोन-दोन रस्ते कमी झाले, म्हणजे सम-विषम जिथल्या तिथे राहिलं. 410 वजा 120 म्हणजे 290, तिसरी तऱ्हा आपोआप हाती आली. क्वानच्या दोन कसोट्यांपैकी पहिली हीच: कुठलाही तुकडा एकाहून जास्त वेळा जादा घ्यायचा नाही. दुसरी: नकाशातलं कुठलंही वर्तुळ (एका कोपऱ्यावरून निघून तिथेच परतणारी वाट) धरा, त्यातला जादा घेतलेला भाग वर्तुळाच्या निम्म्या लांबीपेक्षा जास्त नको. असेल तर तो भाग सोडून उरलेला जादा घ्या, अंतर घटतं. दोन्ही कसोट्या सगळ्या वर्तुळांना लागू झाल्या की उत्तर अचूक. छोट्या प्रभागाला हे पेन्सिलीनं जमतं, आणि बाबांनाही कागदावर दाखवता येईल.

रानजाई
सर, खूप खूप आभार. आळी का सुटत होती ते आत्ता कळलं. पण पूर्ण प्रभागात 20 विषम कोपरे आहेत. तिथे हातानं?

जुना_मास्तर
नाही. 20 कोपऱ्यांच्या जोड्या 65,47,29,075 तऱ्हांनी लागतात, आणि वर्तुळंही वाढत जातात. जॅक एडमंड्सनं 1965 मध्ये मॅचिंगचा, म्हणजे जोड्या लावण्याचा, जो अल्गोरिदम दिला, तो इथे कामाला येतो. आधी प्रत्येक विषम कोपऱ्यापासून डाइक्स्ट्रा (सर्वांत छोटी वाट शोधणारा अल्गोरिदम) चालवून बाकीच्यांची अंतरं काढ. मग त्या 20 नोडच्या पूर्ण ग्राफवर (प्रत्येक नोड बाकी सगळ्यांशी जोडलेला) किमान वजनाचं परफेक्ट मॅचिंग, म्हणजे कोणी एकटा न उरता एकूण अंतर सर्वांत कमी होईल अशा जोड्या. जादा रस्ते मूळ ग्राफमध्ये घाल, आणि हिअरहोल्झरच्या रीतीनं फेरी काढ: एक वर्तुळ पूर्ण कर, ज्या कोपऱ्यावर न वापरलेला रस्ता उरला असेल तिथून दुसरं सुरू कर आणि पहिल्यात गुंफ.

कोपरा_नं_७
मास्तर, तीनदा जाण्याचा मुद्दा पटला. रानजाई, पायथनची ग्राफसाठीची लायब्ररी नेटवर्कएक्स वापरणार असशील तर एक सांगतो: त्यातलं जादा रस्ते घालणारं तयार युलराइझ फंक्शन मीटर बघत नाही, एज (दोन कोपऱ्यांमधले रस्ते) किती ते मोजतं. 60 मीटरची एज आणि 150 मीटरची एज त्याला सारखीच. मॅचिंग स्वतः वजन देऊन चालव.

डिझेल_हिशेब
मी भाड्याच्या टेम्पोंचं नियोजन करतो, म्हणून दोन प्रश्न. प्रभागात वन-वे आहे का? सगळेच रस्ते वन-वे असते तरी चाललं असतं, पण थोडे वन-वे आणि थोडे दुहेरी असं मिश्रण झालं की प्रश्न खरोखर एनपी-हार्ड होतो; संगणकशास्त्रज्ञ पापादिमित्रिऊनं 1976 मध्ये ते सिद्ध केलंय. दुसरं, गाडी भरल्यावर कुठे जाते? मधेच भरत असेल तर एका फेरीचा हिशेब पुरणार नाही, फेऱ्या वाटून घ्याव्या लागतील.

रानजाई
वन-वे नाही. बाबांना विचारलं. या छोट्या तुकड्याचा कचरा गाडीत एका खेपेत मावतो. कोठी मंदिराच्या तिठ्यावरच आहे, आणि कचरा घेतल्यावर ते कोठीवर येतच नाहीत, शाळेपासून थेट डेपोच्या रस्त्याला लागतात. "कोठीवर परत" हे मीच प्रोजेक्टसाठी धरलं होतं.

जुना_मास्तर
मग फेरी बंद असण्याची अटच गेली. सुरुवात आणि शेवट विषम राहिले तरी चालतात, म्हणून मंदिर आणि शाळा जोड्यांतून वगळ. उरली गिरणी–टाकी ही एकच जोडी, जादा फक्त 60 मीटर. एकूण 3,460. मोठ्या नकाशातही गाडी खरोखर कुठून निघते आणि कुठे संपते ते आधी बाबांकडून लिहून घे, ती दोन टोकं बाजूला काढ आणि मगच मॅचिंग चालव. टोक सम कोपऱ्यावर आलं तर उलट करायचं: त्याला विषम धरून जोड्यांमध्ये घ्यायचं.