शब्दचर्चा: ‘फुटप्रिंट’ला ‘पाऊलखूण’ म्हणायचं का?

सरळरेघ:
घरी सर्किट बोर्ड करणाऱ्यांसाठी कीकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरवर मराठीत टिपण लिहितेय. ‘फुटप्रिंट’ला ‘पाऊलखूण’ चालेल?

अर्धाव्होल्ट:
नाही. पाऊलखूण माणूस निघून गेल्यावर मागे राहते. इथे पार्ट यायच्या आधीच त्याची जागा तांब्यावर तयार लागते. यंत्राची असते तशी ‘बैठक’ म्हणा.

चिन्ह आणि बैठक यांतला फरक मात्र ठळक लिहा. चिन्ह सर्किटच्या आकृतीतलं, बैठक बोर्डावरची, आणि दोघांना बांधतात ते पायांचे क्रमांक. बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन ३९०४मध्ये एमिटर, बेस, कलेक्टर. बैठक दोघांनाही टीओ-९२ या तीन पायांच्या वेष्टनाचीच. चिन्ह एकाचं घेतलं आणि खोचला दुसरा, तर डीआरसी, म्हणजे सॉफ्टवेअरची नियमतपासणी, मुकाट पास होते आणि सर्किट काही चालत नाही. बेस मधोमध आहे म्हणून ट्रान्झिस्टर अर्धा फेरा फिरवून लावला की निभावतं, पण दरवेळी नशीब इतकं चांगलं नसतं.

रेझिस्टर४७:
अर्थ पटला, पण ‘बैठक’ म्हटलं की सतरंजी नि अध्यक्ष आठवतात. शिवाय कीकॅडच्या लायब्ररीत शोधायचं ते इंग्रजी नावानंच. तिथे टीओ-९२ इनलाइन दोन तऱ्हेचं मिळतं: साध्यात पाय १.२७ मिमीवर, ‘वाइड’मध्ये २.५४वर. साध्यातल्या दोन पॅडांमधली, म्हणजे पाय डागायच्या तांब्याच्या ठिपक्यांमधली, फट पाव मिलिमीटरही भरत नाही. घरी कागदावरचा छापा इस्त्रीनं तांब्यावर उतरवतात; त्यात टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची शाई, जरा पसरला की तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमधून तिन्ही पॅड चिकटलेलेच बाहेर येतात. घरच्या बोर्डाला वाइडच घ्यावं आणि पाय थोडे फाकवून बसवावेत.

सरळरेघ:
मग शब्द ‘फुटप्रिंट’ ठेवते, अर्थ सांगताना ‘बैठक’. ‘क्लिअरन्स’ला ‘मोकळीक’ आणि ‘मिरर’ला ‘उलटा’ लिहिलंय.

अर्धाव्होल्ट:
मोकळीक वागण्यात असते. दोन ट्रॅकमधलं, म्हणजे तांब्याच्या रेघांमधलं, ते ‘अंतर’. टोनरनं करणार असाल तर अंतर ०.४ मिमी, ट्रॅक ०.५ मिमी, आणि ०.८ मिमीच्या भोकाला पॅड निदान १.८चा. त्याहून लहान पॅडचं तांबं ड्रिल उचकटून काढतं.

‘उलटा’ मात्र काढाच. डोकं खाली, पाठ वर की डावं-उजवं बदललेलं, वाचणाऱ्यानं काय समजायचं? ‘आरशातलं’ म्हणा. सॉफ्टवेअर खालचा थर वरून, बोर्ड पारदर्शक असल्यासारखा दाखवतं, म्हणजे तो आधीच आरशातला असतो. कागद तांब्यावर पालथा पडला की सुलट होतो. म्हणून खालचा थर छापताना मिररची खूण करायची नाही, वरचा छापताना करायची. त्या थरावर दोन अक्षरं टाकून ठेवा: कागदावर ती आरशातली दिसली तर बोर्डावर नीट वाचता येतील.

रेझिस्टर४७:
छपाईचं निघालंच आहे तर ‘स्केल’ला ‘प्रमाण’ ठीक, पण ते १:१ हवं हे सांगा. प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ राहून गेलं आणि चित्र ९७ टक्क्यांवर आलं, तर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ४० पायांच्या आयसीत पहिल्यापासून शेवटच्या पायापर्यंत ४८.२६ मिमी लागतात, तिथे ४६.८ उरतात. पहिला पाय भोकात आणि शेवटचा जवळजवळ दीड मिमी बाहेर. आधी साध्या कागदावर छापून सगळ्यात लांब आयसी त्यावर टेकवून बघावी.

सरळरेघ:
‘ड्रिल मार्क’ला ‘भोकाची खूण’?

रेझिस्टर४७:
हो. पर्याय ‘स्मॉल’ निवडायला सांगा. पॅडच्या मधोमध तांबं टिंबाएवढंच खाल्लं जातं, ड्रिलचं टोक त्या खळग्यात बसतं आणि सरकत नाही. पुऱ्या मापाचं भोक छापलं तर टोकाला धरायला काठच राहत नाही.