मदत हवी आहे : खारबंदिस्तीला खांड गेली, शेतात तिवरं उगवलीत

नमस्कार मंडळी. आमची भातखाचरं अलिबाग तालुक्यात, धरमतर खाडीच्या काठाला आहेत. उधाणाला खारबंदिस्तीला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड गेली (बांध फुटला) आणि खारं पाणी थेट शेतात शिरलं. हल्ली अमावस्या-पौर्णिमेची भरती पूर्वीपेक्षा वर चढते, त्यात बार्जच्या लाटा बांधाचा पायथा सतत पोखरत असतात. खांड वेळेत बुजली नाही. आता खाचरात गुडघाभर तिवरं (कांदळवनाची झाडं) आहेत, चिखलात निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारतात आणि कडेची माती उन्हाने पांढरी पडली आहे.

अडचण इथेच आहे. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानुसार खाजगी जमिनीवरचीही तिवरं तोडता येत नाहीत. ती तोडावीत असं मला वाटतही नाही. बांधाच्या बाहेर तिवरं असती तर लाटांचा मार त्यांनीच अडवला असता. पण आईचा जीव त्या भातात अडकलाय, आणि माझाही.

कोणी रीतसर परवानगी काढून अशी खांड बुजवली आहे का? अर्ज आधी कुणाकडे करायचा, खारभूमी विभागाकडे की वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे? तिवरं नसलेल्या वरच्या खाचरांत पावसाचं पाणी कोंडून ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून) सोडलं, तर भात येण्याइतका खार उतरायला किती पावसाळे लागतात? पनवेल-३ हे खार सोसणारं भाताचं वाण कोणी लावलंय का? आणि खालचा भाग तिवरांना सोडून तिथे जिताडा मासा, चिंबोरी (खेकडे) पाळणारं कुणी आहे का? स्वतःचा अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.