सुट्टे १८६५० सेल: निवड, वापर, विल्हेवाट (अनुभव धागा)

वाटसरू_लेस्टर
१ जून २०२५ पासून यूकेत एकदाच वापरून टाकायच्या व्हेपवर (ई-सिगारेटवर) बंदी आली. तेव्हापासून काही मंडळी रिफिलच्या यंत्रांकडे वळली आहेत, आणि त्यातल्या काहींत सुट्टा १८६५० सेल (नळकांड्याच्या आकाराची लिथियम बॅटरी) घालावा लागतो. 'चांगला सेल कोणता?' हे पुन्हा कानावर पडायला लागलं आणि मेकॅनिकल मॉडच्या (चिप नसलेलं, सेलची वीज थेट कॉइलला देणारं व्हेप) वेडाचा काळ आठवला. रॅपवर (सेलवरच्या प्लास्टिकच्या आवरणावर) छापलेल्या आकड्यावर तेव्हा लोक डोळे मिटून विश्वास ठेवत. ते परत व्हायला नको, म्हणून हा धागा. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण सगळं बंद आहे. पण हेच सेल टॉर्चमध्ये असतात, तेव्हा तिकडच्यांनीही लिहा.

सुरुवात करतो. एमएएच (सेलमधला साठा) आधी बघू नका, सलग किती अँपिअर देतो ते बघा. सॅमसंग २५आर: २५०० एमएएच, २० अँपिअर. सॅमसंग ३०क्यू: ३००० एमएएच, १५ अँपिअर. एलजी एचजी२: ३००० आणि २०. एलजी एमजे१: ३५०० पण फक्त १०. आकार तोच, १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. त्यात साठा वाढवायचा तर साधारणपणे ताकद घटते. '३५०० एमएएच, ३५ अँपिअर' असं रॅपवर दिसलं तर सेल खाली ठेवा.

ओहमवाला
हिशोब करूनच सेल घ्यावा. मेकॅनिकल मॉडमध्ये सरळ भागाकार: ४.२ व्होल्ट (पूर्ण चार्ज झालेला सेल) भागिले कॉइलचे (तापणाऱ्या तारेचे) ओहम. ०.५ ओहमला ८.४ अँपिअर, ०.२ ला २१, ०.१५ ला २८. म्हणजे ०.२ च्या कॉइललाच २५आर मर्यादेबाहेर गेला.

चिप असलेल्या यंत्रात कॉइलचे ओहम धरायचे नाहीत, वॅट धरायचे. वॅट भागिले ३.२ व्होल्ट (यंत्र साधारण इथे बंद होतं), भागिले ०.९ (चिपमध्ये वाया जाणारी वीज). एका सेलवर ६० वॅट म्हणजे जवळजवळ २१ अँपिअर. दोन सेल असतील तर वॅट आधी निम्मे करा, मग तेच गणित. सेल उतरत जातो तसा चिप जास्त अँपिअर ओढते, म्हणून भागाकार ४.२ ने करू नका. बरेच जण नेमका तिथेच चुकतात.

मनवा_के
रुमाल टाकून ठेवते, पोळ्या झाल्या की लिहिते.

सह्यभटक
टॉर्चवाल्यांकडून. ऑनलाइन '९९०० एमएएच'चे १८६५० शेदीडशे रुपयांना दिसतात. या आकारात बाजारात सर्रास मिळणारे सेल ३५०० च्या आसपास थांबतात, ९९०० हा आकडा निव्वळ छपाई. सर्वात सोपी तपासणी वजनाची. खरा सेल ४४ ते ४९ ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस भरला तर आत काहीतरी कमी आहे. काही नकली सेलमध्ये आत छोटा सेल आणि उरलेल्या जागेत भुकटी निघालेली आहे. वजन बरोबर आलं म्हणजे सेल खरा, असंही नाही हं. जुना वापरलेला सेल नवं रॅप चढवून विकला तर वजन बरोबरच येणार.

भारतात विकत घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, लिथियम सेलना आयएस १६०४६ खाली नोंदणी सक्तीची आहे.

सुगरण_नाशिक
वजनाचा काटा कोणता? आमचा ५ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो. केकलाही त्रास होतो त्याचा.

सह्यभटक
@सुगरण, १ ग्रॅमचा टप्पा आणि ५ किलोपर्यंतचा घ्या. सेलला आणि केकला दोन्हीला पुरतो. यीस्टसाठी मात्र ०.१ वालाच लागेल.

सुगरण_नाशिक
धन्यवाद! यीस्टचं बरोबर ओळखलंत :)

बर्लिनची_सई
वर सोनीचं कुणी लिहिलं नाही म्हणून. सोनीचा बॅटरी व्यवसाय २०१७ मध्ये मुराताकडे गेला. आज कुणी 'ताजा माल' म्हणून सोनीचं नाव असलेला व्हीटीसी६ (सोनीचं १८६५० मॉडेल) देत असेल तर तो एक तर बरीच वर्षं पडून आहे किंवा नकली.

शिवाय काही ब्रँड सेल बनवतच नाहीत, दुसऱ्याचे सेल घेऊन आपलं रॅप चढवतात. तिथे '४० अँपिअर' म्हणजे काही सेकंदांचा झटका असतो, सलग नव्हे. अशांसाठी मूच या नावाने चाचण्या करणाऱ्याचे तक्ते बघा, छापलेला आकडा आणि मोजलेला आकडा शेजारी शेजारी दिसतात.

वाटसरू_लेस्टर
+१. एक लक्षात असू द्या: सॅमसंग, एलजी यांचं म्हणणं की हे सेल सुट्टे विकण्यासाठी नाहीतच, संरक्षक सर्किट असलेल्या पॅकसाठी आहेत. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानेही जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० विकत घेऊ नका असा इशारा दिला. शक्य असेल त्याने आतच बसवलेल्या बॅटरीचं यंत्र घ्यावं, हे माझं स्पष्ट मत.

मनवा_के
आले. रॅपबद्दल कुणी लिहिलं नाहीये का?? सगळ्यात महत्त्वाचं तेच.

सेलचं अख्खं धातूचं नळकांडं ऋण असतं. फक्त वरची मधली टिकली धन. त्या टिकलीच्या भोवतीची कडाही ऋणच, आणि दोघांच्या मध्ये असते एक पातळ पांढरी कागदी चकती नि रॅपची दुमड. म्हणजे वरच्या कडेला रॅप जरासं फाटलं तरी धन आणि ऋण यांच्यात मिलिमीटरभर अंतर उरतं. तिथे मॉडची धातूची भिंत किंवा स्प्रिंग टेकली की थेट शॉर्ट. बाजूला खरचटलं असेल तरी तेच, यंत्राचं अंग धन असेल तर.

रॅप बदलणं अवघड नाही. १८६५० साठी २९.५ मिमी सपाट रुंदीची पीव्हीसी नळी मिळते, साधारण ७२ मिमी लांब. जुनं रॅप नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा, ब्लेड नको. जुनी चकती नीट नसेल तर नवी बसवा, ही पायरी चुकवायची नाही. दोन्ही टोकांना सारखी नळी सोडा आणि हेअर ड्रायर लांबून, सेल फिरवत. पाच-सात सेकंदांत आवळतं. सेल हाताला गरम लागला तर थांबा. मॉडेलचं नाव आणि तारीख रॅपवर लिहून ठेवा, नाहीतर सगळे निळे सेल सारखेच दिसतात. पोचा पडलेल्या सेलला रॅप लावत बसू नका, तो गेला.

ओहमवाला
@मनवा फार छान लिहिलंत. यालाच जोडून: हायब्रिड मॉडमध्ये टाकीची (वर बसणाऱ्या, कॉइल असलेल्या भागाची) मधली पिन सेलच्या टिकलीला थेट टेकते. पिन आट्यांच्या पुढे ठळक आलेली नसेल तर आटेच सेलच्या कडेला टेकतात आणि पूर्ण शॉर्ट होतो. यंत्राला वायू बाहेर जायची भोकं नसतील तर ती बंद नळी फुटते. नवख्याने मेकॅनिकल घेऊच नये. कळकळीने सांगतोय.

परभणीकर
लॅमिंग्टन रोडला लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधले सेल स्वस्तात मिळतात, ते टॉर्चला चालतील का?

सह्यभटक
@परभणीकर, आधी मल्टिमीटर लावा. २.५ व्होल्टच्या खाली असेल तर संशय घ्या. २ च्या खाली बराच काळ पडलेला सेल चार्ज करायचाच नाही. आत तांबं विरघळतं, चार्ज करताना ते परत भलतीकडे बसतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. चांगला निघाला तरी लॅपटॉपचे सेल बहुधा २२०० एमएएच आणि चार-पाच अँपिअरचेच. साध्या टॉर्चला चालेल, व्हेपला अजिबात नाही.

बर्लिनची_सई
चार्जिंग: ३०००च्या सेलला १ अँपिअर पुरे, साडेतीन तास धरा. ४.२ ला पोचला की काढा. शून्याखाली गार झालेला सेल (इथे जानेवारीत गाडीत राहिला की होतो) आधी घरात तासदोन तास ठेवा, मगच लावा. महिनाभर वापरायचा नसेल तर ३.६-३.७ वर ठेवून द्या.

दोन सेलच्या यंत्रात जोडी कायमची. एकाच दिवशी घेतलेले, एकाच मॉडेलचे, एकत्र चार्ज, एकत्र रिटायर. त्यांच्यावर ए१, ए२ लिहायचं आणि दर चार्जला जागा बदलायची.

प्रवासी_पक्षी
पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय, बॅगेत चालेल ना?

वाटसरू_लेस्टर
व्हेप भारतात आणूच नका, आयातीवर बंदी आहे. टॉर्चचे सुटे सेल केबिन बॅगेत, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत. चेक-इनमध्ये नाही. ३.६ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर-तास (३००० एमएएच) म्हणजे १०.८ वॅट-तास, मर्यादा १०० ची आहे.

खिशात सुट्टा सेल तर कधीच नको. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ मधल्या ई-सिगारेटच्या १९५ घटना मोजल्या, त्यातल्या ६१ मध्ये यंत्र किंवा सुटी बॅटरी खिशात होती. किल्ली, नाणं, एवढं पुरतं. डबी शंभर रुपयांची येते हो.

परभणीकर
मीटर लावला. चारपैकी दोन ३.४, एक २.७, एक १.१.

सह्यभटक
१.१ वाला आजच बाजूला काढा. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घंटागाडीत नको. तिथे दाबला गेला की पेट घेतो. २.७ वाला चार्ज करून आठवडाभर ठेवा, ४.१ च्या खाली आला तर तोही द्या.

मनवा_के
आणि चार्ज करताना समोर बसा. फरशीवर, पलंगावर नाही. फुसफुस आवाज किंवा गोडसर वास आला तर हात लावायचा नाही, खोलीबाहेर पडायचं. धूर विषारी असतो.

सुगरण_नाशिक
२१७०० चा सेल १८६५० च्या चार्जरमध्ये बसतो का? मुलाने सायकलच्या दिव्यासाठी आणलाय.

बर्लिनची_सई
तो ७० मिमी लांब आणि २१ जाड. सरकती पट्टी असलेल्या चार्जरमध्ये बहुधा बसतो, पण संरक्षक सर्किटवाला ७५ च्या पुढे जातो, त्याला खाच मोजूनच घ्या. जोर लावून बसवू नका, रॅप तिथेच सोलतं.