कॅलिफोर्नियातलं कम्युनिटी कॉलेज, मंदी आणि बजेट: सेक्शन कमी करून खरंच पैसे वाचतात का?

कोयनाकाठ
आमच्या कम्युनिटी कॉलेजच्या बजेट कमिटीवर मी शिक्षकांच्या बाजूने आहे. आमचा कॉलेज-जिल्हा (एक किंवा अनेक कॉलेजं चालवणारी स्थानिक संस्था) राज्याच्या निधीसूत्रावर चालतो, प्रॉपर्टी टॅक्सवर स्वयंपूर्ण असलेल्यांपैकी नाही. प्रशासनाचं म्हणणं: राज्याचा महसूल घसरतोय, पुढच्या वर्षी महागाईवाढ शून्य धरा, फॉलपासून (शरद सत्रापासून) ८ टक्के सेक्शन, म्हणजे वर्ग-तुकड्या, कमी करा आणि २० पेक्षा कमी विद्यार्थी असलेले आधी. इकडे नोंदणी मात्र वाढतेय. कमिटीत नेमकं काय विचारावं?

हिशेबनीस
आधी एवढंच विचारा: यंदाच्या पी-१ (राज्याच्या पहिल्या निधीवाटप हिशोबाच्या) आकड्यांनुसार जिल्हा निधी मिळणाऱ्या एफटीईएसच्या (पूर्णवेळ विद्यार्थ्यांत मोजलेल्या नोंदणीच्या) वर आहे की खाली? बाकी सगळं त्यावर ठरतं.

एक एफटीईएस म्हणजे ५२५ तास वर्गशिक्षण. आठवड्याला ३ तासांचा, ३५ विद्यार्थ्यांचा वर्ग: ३५ × ३ × १७.५ ÷ ५२५ = ३.५ एफटीईएस. क्रेडिट (पदवीसाठी धरल्या जाणाऱ्या) वर्गांचा एका एफटीईएसमागचा मूळ दर अलीकडे ५,००० डॉलरच्या थोडा वर आहे. सोयीसाठी ५,००० धरा. म्हणजे १७,५०० डॉलर. १८ विद्यार्थी असतील तर १.८ एफटीईएस, ९,००० डॉलर. पार्टटाइम शिक्षकाचा त्या वर्गाचा खर्च ८,००० धरला, तर अर्धा रिकामा वर्गसुद्धा स्वतःचा खर्च काढतो. जिल्हा निधी मिळणाऱ्या मर्यादेच्या खाली असेल तर असा वर्ग तोडणं म्हणजे ८,००० वाचवून ९,००० घालवणं. शिवाय २०१८-१९ पासूनच्या सूत्रात क्रेडिट एफटीईएस तीन वर्षांच्या सरासरीने धरतात, त्यामुळे आजची कपात पुढची दोन वर्षंही अंगावर येते.

जिल्हा मर्यादेच्या वर किंवा किमान हमीच्या (सूत्राने कमी आलं तरी राज्य देतं त्या) रकमेवर असेल तर उलट. तिथे वाढीव विद्यार्थ्यामागे मूळ दराने काहीच येत नाही, आणि वर्ग निव्वळ खर्च ठरतो. २००९ नंतर हेच झालं: गर्दी वाढली, राज्याने वाढीचा निधी दिला नाही, कॉलेजांनी वर्ग बंद केले. पण मंदीत नोंदणी वाढतेच असं धरून चालू नका. २०२० मध्ये मंदी आली आणि नोंदणी कोसळली.

शिवाय ‘२० पेक्षा कमी’ ही सरसकट रेषाच चुकीची. कॅल्क्युलस तीन किंवा नर्सिंगची शेवटची पायरी छोटीच असते. ती तोडली तर आधीच्या दोन पायऱ्यांचे विद्यार्थी अडकतात, आणि पदवी-प्रमाणपत्रांमागे मिळणारा निधीचा हिस्साही जातो.

सदाफुली
वर एक सापळा राहिला. पन्नास टक्क्यांचा कायदा.

शिक्षणाच्या चालू खर्चाचा निम्मा तरी भाग वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगार-भत्त्यांवर गेला पाहिजे. समुपदेशक आणि ग्रंथपाल त्यात धरत नाहीत. समजा एकूण १० कोटी डॉलर, त्यातले ५.१० कोटी वर्गशिक्षणाचे. पार्टटाइमचे ३० लाख कापले की ४.८० ÷ ९.७० = ४९.५ टक्के, म्हणजे नियमभंग. तो टाळायला वर्गाबाहेरच्या खर्चातून आणखी १० लाख काढावे लागतील. ते १० लाख कुठून काढणार, हे त्याच बैठकीत लेखी मागा. नंतर कुणी सांगत नाही.

फी वाढवा असंही कुणीतरी म्हणेलच. दर युनिट ४६ डॉलर विधिमंडळ ठरवतं, २०१२ च्या समरपासून (उन्हाळी सत्रापासून) तोच आहे. वसूल झालेल्या फीपैकी ९८ टक्के राज्याच्या हिशोबात वळते होतात, कॉलेजकडे २ टक्के उरतात.

टिळकरोड
बजेट आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर जमाखर्च जुळतो आणि मार्चमध्ये पगाराला पैसे नसतात.

मंदीत राज्याचा आवडता उपाय म्हणजे हप्ते पुढे ढकलणं. २००९ नंतर हे वाढत गेलं आणि २०२०-२१ मध्ये पुन्हा झालं: फेब्रुवारी ते जूनचे पैसे पुढच्या आर्थिक वर्षात. म्हणून महिनावार रोकड तक्ता मागा, त्यात ‘ढकललेले हप्ते’ असा वेगळा स्तंभ. तात्पुरतं कर्ज काढायचं तर व्याजही धरा. बाँडच्या पैशांतून पगार देता येत नाही. बाजूला नवी इमारत उभी राहत असली तरी.

दुसरं, प्रॉपर्टी टॅक्स अंदाजापेक्षा कमी आला तर शाळांची तूट राज्य आपोआप भरतं. कम्युनिटी कॉलेजांना ती हमी नाही. सगळ्या जिल्ह्यांच्या हिश्शातून तेवढी टक्केवारी कापली जाते. फेब्रुवारीचा पी-१ आणि जूनचा पी-२ यांत हा आकडा हलतो, तेव्हा सूत्राच्या पूर्ण रकमेवर बजेट बांधू नका.

शिलकीबद्दल चान्सलर ऑफिसची (कम्युनिटी कॉलेजांच्या राज्य कार्यालयाची) शिफारस दोन महिन्यांच्या खर्चाइतकी आहे, म्हणजे १६.७ टक्के. शिल्लक मंदीसाठीच असते, ती वापरा. फक्त पगाराच्या पायऱ्यांसारख्या दरवर्षीच्या खर्चावर ती लावलीत तर दोन वर्षांत शिल्लक संपेल आणि तूट तशीच राहील.

कोयनाकाठ
सगळ्यांना धन्यवाद. स्वेच्छानिवृत्तीची योजनाही चर्चेत आहे. आणि राज्याचं मे महिन्याचं सुधारित बजेट येईपर्यंत थांबावं का?

सदाफुली
थांबून चालणार नाही. पूर्णवेळ शिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या कपातीची नोटीस १५ मार्चपर्यंत द्यावी लागते, मेचे आकडे त्यानंतर दोन महिन्यांनी येतात. त्यामुळे घाबरून जास्त नोटिसा निघतात आणि मग मागे घेतल्या जातात. जानेवारीतच तीन आकडे मांडायला सांगा: मूळ, ३ टक्के कमी, ६ टक्के कमी, आणि प्रत्येकात काय कापणार ते.

स्वेच्छानिवृत्तीत बचत फक्त जागा रिकामी ठेवली तरच होते. पूर्णवेळ शिक्षकांची बंधनकारक संख्या तपासा. राज्याचा निधी अपुरा ठरला तर बोर्ड ऑफ गव्हर्नर्स (राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचं नियामक मंडळ) ती वाढवत नाही, पण जुनी संख्या राहतेच. दहा जण निवृत्त झाले आणि तुम्ही त्या आकड्याखाली गेलात, तर भरती करा नाहीतर दंड भरा.

हिशेबनीस
आणखी एक पळवाट येईल: समर. ३० जूनच्या दोन्ही बाजूंना पसरलेले वर्ग कुठल्या आर्थिक वर्षात दाखवायचे, याची मुभा आहे. यंदा आकडा कमी पडतोय म्हणून पुढचा समर इकडे ओढला की पुढच्या वर्षी तेवढाच खड्डा. ओढणार असाल तर तो भरायचा कसा, हे १ जुलैच्या तात्पुरत्या बजेटमध्ये लिहून घ्या. सप्टेंबरच्या अंतिम बजेटपर्यंत ते सगळे विसरलेले असतात.