वाट चुकलेला ढग खरंच कागदाचाच असायला हवा का?

गोदाकाठ (धागाकर्ता):
ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दर शनिवारी मोबाईलवर एक चित्रमालिका येते. एक ढग वाट चुकून जालन्याच्या एसटी स्टँडवर उतरतो आणि बीडची गाडी विचारतो. कंडक्टर म्हणतो, "कुठं जायलास रे? तुला अर्धं तिकीट लावू का सामानाचं?" ढग हळूच विचारतो, "खिडकीपाशी बसलो तर चालंल का?"

सगळं कागद कापून, फाडून केलेलं. एसटी जुन्या लग्नपत्रिकांची, कंडक्टर सिमेंटच्या खाकी पिशवीचा आणि ढग कागजीपुऱ्याच्या हातकागदाचा. गेल्या शनिवारी पाच-सहा जणांनी लिहिलं, "संगणकावर करा ना, आठवड्याला दोन भाग येतील." माझा याला साफ विरोध आहे. तुघलकानं १३२७ साली राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हापासूनचे कागदी, म्हणजे कागद बनवणारे, आपल्याकडं आहेत असं सांगतात. दौलताबादहून खुलताबादकडं जाताना त्यांचं कागजीपुरा गाव लागतं. चिंध्यांचा लगदा करून तिथं अजून कागद बनतो. आपल्या मातीतला ढग आपल्याच कागदाचा, याहून काय हवं? आणि ढग दर भागात थोडा थोडा झिजत चाललाय हे पाहिलंत का? प्रत्येक गावाला थोडं देत निघालाय तो. संगणकाला हे सुचलं असतं का?

पिक्सेलपाटील:
भावना पोचल्या. आता हिशोब करू. ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद, मोबाईलचा पडदा १०८० पिक्सेल. म्हणजे मिलिमीटरला जेमतेम पाच पिक्सेल. कापसाचा तंतू मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा बारीक. तुमचा कागजीपुरा पडद्यावर पोचतच नाही. पोचतो तो पांढरा डाग. तो मी दहा मिनिटांत काढून देतो.

निवृत्त ड्रॉइंग मास्तर:
तंतू नसेल दिसत, कड दिसते की! फाटलेली केसाळ कड दोन-तीन मिलिमीटरची असते, म्हणजे तुमच्याच हिशोबानं दहा-पंधरा पिक्सेल. गिरणीच्या कागदात तंतू एका दिशेला लागलेले असतात. त्या दिशेनं फाडला तर सरळ जातो, आडवा फाडला की दात काढतो. हातकागदात तंतू चहूकडं विखुरलेले, त्यामुळं बोट नेईल तिकडं फाटतो. या ढगाची पाठ कात्रीनं जमली नसती.

तिसऱ्या भागात स्टँडच्या छपराची सावली पडलीय ती नीट बघा. कागद उचललेला आहे आणि बाजूच्या खिडकीचा उजेड घेऊन फोटो काढलाय. स्कॅनरखाली दाबला असता तर सावली गेली असती. (आमच्या शाळेत खळीत मोरचूद घालायचो, कीड लागू नये म्हणून. मे महिन्यात पंखा बंद करून चिकटवायचं, कारण कागद उडायचा. त्यातून खळ एकाच बाजूनं वाळली की पान पापडासारखं वळायचं. घामाचे थेंब पडलेली चित्रं अजून माझ्या कपाटात आहेत.)

पिक्सेलपाटील:
मास्तर, घाम गाळला म्हणून चित्र चांगलं होत नसतं. फ्रेंच चित्रकार मातिस १९४१ च्या शस्त्रक्रियेनंतर पलंगावरून, चाकाच्या खुर्चीतून कागद कापायचा, पण ते कागद रंगवून द्यायचे त्याचे साहाय्यक. कागद कुणी, कसा बनवला यावर त्याचं मोठेपण ठरलं नाही.

गोदाकाठ:
पण कापायचा तर तोच ना!

कोरडवाहू:
तुमचं कागदाचं चालू द्या. माझं दुखणं येगळं हाय. आमच्याकडं जूनमधी पेरून बसलेला माणूस वर बघायलाय, अन् इथं ढग खिडकीपाशी बसून शेंगा खायलाय. लै गोड. कामून गोड? आमच्या आईनं टँकरच्या रांगेत घागर ठेवून दुपारा काढल्यात. तिला हे दाखवलं.

गोदाकाठ:
मग? काय म्हणाल्या?

कोरडवाहू:
हसली. तेच तर डोकं फिरलं माझं. म्हणली, "ह्याला कंडक्टरनं परभणीला उतरवू नये म्हणजे झालं."

बोरूबहाद्दर:
कोरडवाहूंच्या आईंना माझा नमस्कार. मला तर हे सगळं पैठण शैलीच्या चित्रकथीसारखं वाटतं. एकेक पान समोर धरायचं आणि गोष्ट सांगायची. एका पानावर एकच प्रसंग, बाकीचं सांगणाऱ्याच्या गळ्यात. इथं गळ्याचं काम संवाद करतात. ते प्रमाण भाषेत असते तर पहिल्याच भागात सोडून दिलं असतं मी.

पिक्सेलपाटील:
मग माझंच म्हणणं सिद्ध झालं. लोक गोष्टीसाठी जमायचे. पान कशाचं बनलंय ते कोण विचारत होतं?

मीच ती ढगवाली:
चारदा लिहून खोडलं, आता टाकतेच. ढग कुणाला पाणी देत नाही. सुरुवातीपासून मी तोच एक तुकडा वापरते, कारण तसा दुसरा फाडायला गेले तर मेंढी झाली. चिकटवत नाही, नुसता ठेवते, फोटो काढते, उचलते. उचलताना कड झडते, म्हणून झिजलाय. मास्तर, सावली मुद्दाम नाही, पान लेवल बसत नव्हतं. पाटील, गर्दीतले प्रवासी मी एकदाच कापलेत आणि मोबाईलवरच इकडून तिकडं हलवते, तेव्हा निम्मे तुम्ही जिंकलात. कोरडवाहू दादा, आईंचं वाक्य वापरू का? त्यांना विचारून सांगा.

गोदाकाठ:
म्हणजे तो झडत झडत संपला तर मालिका संपणार?

मीच ती ढगवाली:
बीडपर्यंत पुरेल असं वाटतं. मला जास्त काळजी एसटीची आहे. मागचं चाक कसरीनं खाल्लंय. पुढच्या शनिवारी गाडी पंक्चर दिसेल, त्यात कुणी अर्थ शोधू नका.