विंडोज एसएसडीवर नेले, तरी जुनी हार्ड डिस्क काढली की संगणक सुरू होत नाही

प्रश्न

नमस्कार. माझ्या डेस्कटॉपमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क असून तिच्यावर सी आणि डी असे दोन ड्राइव्ह आहेत. सीमध्ये विंडोज ११ आहे व त्याने सुमारे १२० जीबी जागा व्यापली आहे. डीमध्ये वडिलांनी स्कॅन करून ठेवलेली कागदपत्रे आणि घरातले सगळे फोटो मिळून ६०० जीबींच्या पुढे जातात. नवी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) ५०० जीबीचीच असल्यामुळे मी क्लोनिंगच्या, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल करणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये फक्त सी निवडून तिच्यावर उतरवला. काम विनातक्रार पूर्ण झाले. मात्र दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना संगणक पूर्वीइतकाच संथ चालतो, आणि जुनी काढली की बूट करण्याजोगी डिस्क नसल्याचा संदेश येतो. एसएसडी सदोष असेल का?

पहिले उत्तर

एसएसडीत दोष असण्याची शक्यता मला फार कमी वाटते, कारण आपण सांगितलेल्या दोन्ही खुणा एकाच कारणाकडे बोट दाखवतात. विंडोज सीमध्ये असले, तरी यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत) पद्धतीच्या संगणकात ते सुरू करून देणाऱ्या फाइली सीमध्ये नसतात. त्या बहुधा १०० ते ३०० एमबींच्या, एफएटी३२ फॉरमॅटच्या वेगळ्या ईएफआय पार्टिशनमध्ये (डिस्कच्या स्वतंत्र विभागात) असतात, आणि त्याला अक्षर दिलेले नसल्यामुळे ते फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. आपले ते पार्टिशन जुन्या डिस्कवरच राहिले आहे, आणि त्यातील नोंद अजून जुन्या सीकडेच नेते. म्हणून वेगही जुनाच आहे.

खात्रीसाठी विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडून ‘बूट’ हा शब्द कोणत्या डिस्कवरील पार्टिशनपुढे आहे, ते पाहावे. येथे नावांमुळे अनेकांची गल्लत होते: विंडोज ज्यात आहे ते पार्टिशन ‘बूट’, तर ते सुरू करणाऱ्या फाइली ज्यात आहेत ते ‘सिस्टम’ म्हणवले जाते.

एसएसडी जीपीटी (डिस्कवरील विभागांची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) पद्धतीची असेल, तर तिच्यावर थोडी जागा मोकळी करून ईएफआय पार्टिशन तयार करता येते आणि विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बीसीडीबूट ही आज्ञा देऊन त्यात बूट फाइली लिहिता येतात. त्या वेळी जुनी डिस्क काढलेली असावी, आणि ड्राइव्हची अक्षरे तेथे बदललेली असू शकतात, याचे भान ठेवावे.

दुसरे उत्तर

निदान बरोबर आहे, परंतु एसएसडीवर अजून नवे काहीच साठवलेले नसताना दुरुस्तीत वेळ घालवण्यापेक्षा पुन्हा क्लोन करणे मला अधिक सुरक्षित वाटते. या वेळी ईएफआय, त्यालगतचे १६ एमबींचे राखीव पार्टिशन, सी आणि रिकव्हरी ही चारही निवडावीत व फक्त डी वगळावा. बिटलॉकर (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असल्यास तो आधी तात्पुरता थांबवावा, कारण एरवी नव्या डिस्कवरून सुरू करताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाण्याची शक्यता असते. क्लोन होताच संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी आणि पहिल्यांदा एकट्या एसएसडीवरूनच सुरू करावा.

आणि कळकळीची विनंती: वडिलांची कागदपत्रे एकाच जुन्या डिस्कवर असतील, तर हे काम हाती घेण्याआधी डीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. विंडोज पुन्हा टाकता येते. ती कागदपत्रे मिळणार नाहीत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. ‘बूट’ हा शब्द खरोखरच जुन्या डिस्कपुढे होता. आधी डीची प्रत घेतली, मग चारही पार्टिशन निवडून क्लोन केला, आणि संगणक एकट्या एसएसडीवरून पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. जुनी डिस्क पुन्हा जोडल्यावर मात्र डी दिसेना. दोन्ही डिस्कची ओळख एकच झाल्यामुळे विंडोजने जुनी ‘ऑफलाइन’ ठेवली होती. डिस्क मॅनेजमेंटमधून ती ऑनलाइन केली, डी हे अक्षर पुन्हा दिले, आणि सर्व फोटो जागच्या जागी सापडले. जुना सी महिनाभर तसाच ठेवणार आहे.