ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभित्तीचे प्रवाळ स्वतःवर ढग धरतात का?

सागरवेल: माझं मत: धरतात. ताण आला की प्रवाळ आणि त्यांच्या पेशींतलं शैवाल डीएमएसपी नावाचं गंधकाचं संयुग बनवतात. जिवाणू त्याचा डायमिथाइल सल्फाइड वायू, म्हणजे डीएमएस, करतात. हवेत त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं, त्यातून सूक्ष्म कण आणि कणांवर ढगाचे थेंब. शैवाल नसलेली अ‍ॅक्रोपोरा जातीच्या प्रवाळांची पिल्लंही डीएमएसपी बनवतात आणि पाणी तापलं की जास्त बनवतात, हे २०१३ मध्ये सिद्ध झालं. मग हा बचाव नाही तर काय?

खडपी: रसायन मान्य, हिशेब नाही. डीएमएस हवेत साधारण १-२ दिवस टिकतो. वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर तेवढ्यात हवा ४०० किलोमीटरच्या पुढे जाते. सावली पडलीच तर दुसरीकडे. शिवाय नवा कण १-२ नॅनोमीटरचा असतो, थेंब धरायला ५०-१०० लागतात. समुद्रावर मिठाचे कण आधीच तरंगत असतात, आम्ल त्यांच्यावरच बसतं. २०२१ च्या एका अभ्यासात हवामानाच्या संगणकीय प्रारूपातून प्रवाळांचा डीएमएस पूर्ण वजा केला, तरी हवामानात ठाम फरक निघाला नाही.

सागरवेल: जागतिक प्रारूप पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतं; एका चौकोनाची बाजू शंभर किलोमीटरहून मोठी असते, भित्ती त्यात विरून जाते. आणि विरंजन, म्हणजे पाणी तापून प्रवाळ शैवाल गमावतात आणि पांढरे पडतात ते, होतं पडलेल्या वाऱ्यात. सेकंदाला १ मीटर धरा: दिवसाला ८६ किलोमीटर. रीफ २,३०० किलोमीटर लांब आहे, हवा तिच्यावरच रेंगाळेल.

वाराफेर: पण वारा पडला की पाण्यातून डीएमएस बाहेर पडणंही मंदावतं! हवा रेंगाळते तेव्हाच पुरवठा आटतो. त्याच वेळी बाष्पीभवन घटतं, वरखाली पाणी मिसळत नाही, आकाश निरभ्र असतं, म्हणून पाणी तापत जातं. सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा १ अंश जास्त तापमान ४ आठवडे टिकलं की विरंजन दिसू लागतं, ८ आठवड्यांत मोठी मर. ढगांनी रीफ वाचते हे खरंच. २०१६ मध्ये विन्स्टन चक्रीवादळाच्या अवशेषाने दक्षिण भाग थंड केला, उत्तर भाग होरपळला. पण ते ढग प्रवाळांचे नव्हते.

सागरवेल: मग माणसाने कण पुरवावेत. २०२० मध्ये टाउन्सव्हिलजवळ ब्रॉडहर्स्ट रीफवर समुद्राचं पाणी सूक्ष्म थेंबांत फवारून ढग उजळ करण्याची, म्हणजे ते जास्त ऊन परतवतील अशी, चाचणी झालीच आहे.

खडपी: तिथे थेंबाचा आकार साधणं हीच खरी अडचण. थेंब सुकून उरलेला मिठाचा कण फार मोठा झाला तर त्यावरचा थेंब लवकर जड होऊन रिमझिम सुरू होते आणि ढग उलट विरळ होतो. त्यातून रीफवरचे ढग बहुतेक तुटक कापशी. सलग थर नसेल तर उजळायला ढगच अपुरा. चाचण्या जरूर करा, पण त्यांच्या भरवशावर उत्सर्जनकपात लांबवायला माझा ठाम विरोध आहे.